गरोदरपणातली मालिश झाल्यावर आंघोळीची घाई नको

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मालिश किती वेळ चालते, तेल कुठलं असतं, मावशी किती वाजता येतात हे तुम्हाला बुकिंगच्या वेळी सांगितलेलं आहेच. हे पत्रक मावशी निघाल्यानंतरच्या काही तासांसाठी आहे, आणि खरं सांगायचं तर मुख्यतः आंघोळीसाठी आहे. आम्हाला सगळ्यात जास्त फोन त्यावरूनच येतात. बाकीचं पुढे थोडक्यात आहे. हे पहिलं मात्र घरातल्या मोठ्या माणसांनाही वाचून दाखवा.

पहिला तासभर पाणी नको

मालिश झाली की लागलीच कडकडीत पाण्याने आंघोळ, हे आपल्या घराघरांत पक्कं बसलंय. आई आणि सासूबाईंचं एरवी कशावर पटो न पटो, यावर पटतं. मावशी तेलाची वाटी आवरत नाहीत तोवर आतून हाक येते, "पाणी काढलंय, निवायच्या आत ये."

रीत चांगलीच आहे, पण ती बाळंतिणीची. बाळंतपणानंतर तेल लावून चोळायचं, भरपूर गरम पाण्याने न्हाऊ घालायचं, मग ओवा-बाळंतशेपाची धुरी, शेक, आणि पांघरूण घेऊन झोप. तिथे बाळंतीण पाटावर बसलेली असते आणि पाणी घालायला दुसरी बाई शेजारी असते. गरोदर बाई मात्र एकटी बाथरूममध्ये जाते, आतून कडी लावते आणि शॉवरखाली उभी राहते.

त्यात शरीराचं गणितही वेगळं असतं. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, पण रक्तवाहिन्या सैलावलेल्या असल्याने बीपी नेहमीपेक्षा खाली राहतं, पाचव्या-सहाव्या महिन्यात तर जास्तच. अशात तुम्ही ५० मिनिटं कुशीवर निवांत पडून राहता आणि एकदम उठून उभ्या राहता. रक्त पायांकडे उतरतं. वरून गरम पाणी पडलं की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आणखी पसरतात आणि डोक्याकडे जाणारं रक्त तेवढ्यापुरतं अपुरं पडतं. मग डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात गुणगुणतं, थंड घाम फुटतो.

चक्कर आडवं झाल्यावर सहसा दोन-चार मिनिटांत जाते. भीती आहे ती पडण्याची. तळव्यांना तेल, फरशी ओली, दाराला आतून कडी. आणखी काय हवं?

असं झालं की आमच्या मावशी जागच्या हलत नाहीत. तुम्ही उठून, काहीतरी खाऊन, चार पावलं नीट चालेपर्यंत थांबायचं, हा आमचा नियम आहे आणि तो आम्ही बदलणार नाही. पण मग वारज्याच्या घरी उशीर झाला की कर्वेनगरची बाई खाणं-पिणं, झोप सगळं त्या वेळेनुसार लावून ताटकळत बसते, आणि तिच्यानंतर कोथरूडची. एका बादलीपायी आमचा अख्खा दिवस कोलमडतो. म्हणून ही विनवणी.

तर करायचं असं. मालिश संपल्यावर पाच मिनिटं डाव्या कुशीवर तशाच पडून राहा. उताणं राहू नका. पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि बीपी आणखी उतरतं. मग हाताचा रेटा देऊन कुशीवरूनच उठून बसा. पाय खाली सोडून दोन मिनिटं बसा. तोवर मावशी तुमचे तळवे कोरड्या फडक्याने पुसतात. तळव्यांना तेल राहिलं असेल तर हक्काने पुन्हा पुसायला सांगा, त्यांना राग येत नाही. सपाता घालूनच उठा, पण रबरी. गुळगुळीत तळाच्या फॅन्सी नकोत.

पुढचा तासभर आराम. झोप लागली तर झोपा. "तेल अंगावर मुरलं की सर्दी होते" असं कुणी म्हणेल, होत नाही. पंखा बारीक ठेवा आणि जुना सुती गाऊन घाला, म्हणजे झालं. फारच चिकट वाटलं तर कोमट पाण्यात पंचा पिळून अंग टिपून घ्या.

तासाभराने आंघोळ करा. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, कोमट पाण्याने. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतल्यावर फारसं गरम लागायला नको. तेल काढायला साबण घासत बसण्यापेक्षा डाळीचं पीठ उत्तम, पण ते फरशीवर सांडलं की निसरडं होतं, तेव्हा आधी पाणी मारून मगच उठा. कडी लावू नका, दार नुसतं लोटून घ्या आणि घरात कुणाला तरी सांगून आत जा. तुमच्याकडे गॅस गीझर बाथरूमच्या आतच बसवलेला असेल, तर पाणी आधी बादलीत काढून गीझर बंद करा आणि खिडकी उघडी ठेवा. बंद जागेत गॅस गीझरमधून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि पोटातल्या बाळाला तो आईपेक्षा जास्त बाधतो. हे मालिशच्या दिवसापुरतं नाही, रोजचंच आहे.

टबबाथ, स्टीम, सोना हे मात्र गरोदरपणात मुळीच नको. अंगाचं आतलं तापमान ३९ अंशांच्या वर जाणं बाळाला, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत, घातक ठरू शकतं. बादलीभर पाण्याने ते तेवढं चढत नाही, वाफेत बसून राहिल्याने चढतं.

आणि हो, मालिश झाल्या झाल्या स्कूटी काढून भाजीला जाऊ नका. असं करणाऱ्या ग्राहक आमच्याकडे आहेत, म्हणून लिहावं लागतं.

खाणं आणि पाणी

मावशी यायच्या तासभर आधी हलकं काहीतरी खाल्लेलं असावं. उपाशीपोटी मालिश करून घेतली की वर सांगितलेल्या चकरेला आमंत्रणच. नंतर एखादं फळ, मूठभर शेंगदाणे, भाकरीचा तुकडा, जे रुचेल ते खा. गरोदरपणातला मधुमेह असेल आणि इन्सुलिन चालू असेल तर खाण्याच्या वेळा मालिशसाठी पुढेमागे करू नका, आम्ही आमची वेळ बदलून देतो.

पाणी प्या, पण मालिशने अंगातली विषारी द्रव्यं सुटतात आणि ती पाण्याने वाहून जातात, हे कुठे वाचलं असेल तर सोडून द्या. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं बारा महिने करतात, आमच्या मावशींचा त्यात हात नाही. पाणी कमी पडलं की बीपी उतरतं, म्हणून प्यायचं.

दुसऱ्या दिवशी

पहिल्या मालिशनंतर एखाद-दुसरा दिवस कंबर, खांदे थोडे ठणकतात. कोमट पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कमरेला दहा मिनिटं धरा. पोटावर नको. घरात कुणाचं तरी दुखण्याचं जेल पडलेलं असतं, ते उचलून लावू नका. त्यातल्या बऱ्याच जेलमध्ये डायक्लोफिनॅक असतं. ते काय, किंवा आयब्युप्रोफेनची गोळी काय, गरोदरपणात, विशेषतः पाचव्या महिन्यापासून पुढे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची वस्तू नाही.

आता खाजेबद्दल. "तुमच्या तेलाने खाज सुटली" असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न असतो, कुठे? तेल लावलं तिथे लाल पुरळ असेल तर तेल मानवलेलं नाही. आम्ही तिळाचं बदलून खोबरेल देतो, आणि पुढच्या वेळी आधी कोपराच्या आत थोडं लावून बघतो. पण पुरळ काहीच नाही, हातापायांचे तळवे खाजतात, रात्री जास्त, आणि महिना सातवा-आठवा असेल, तर तेलाला बोल लावत बसू नका. यकृतातल्या पित्ताचा अडथळा असू शकतो. रक्ततपासणीत कळतं. डॉक्टरांना लगेच सांगा.

आम्हाला नव्हे, डॉक्टरांना फोन करा

एकच पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, लाल दिसते: रक्ताची गाठ असू शकते. गरोदरपणात ती बहुतेकदा डाव्या पायात होते. तो पाय कुणालाही चोळू देऊ नका, मावशींनाही नाही. संध्याकाळी दोन्ही घोटे थोडे सुजणं वेगळं. पण चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं भयंकर दुखतंय, डोळ्यांपुढे ठिपके दिसतात, बरगड्यांखाली दुखतं, किंवा बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं, तर थेट दवाखाना. रक्त दिसलं, पाणी जाऊ लागलं, दिवस भरायच्या आधीच पोट ठरावीक वेळाने आवळू लागलं, तरी तेच. बाळाची हालचाल कमी वाटली तर "नवव्या महिन्यात जागा कमी असते" ही समजूत ऐकून सकाळपर्यंत थांबू नका. वाहन नसेल तर १०८ किंवा गरोदर बायकांसाठीची १०२, दोन्ही रुग्णवाहिका मोफत आहेत.

"पोट का चोळत नाही?"

हे आम्हाला ऐकावं लागतं. "आमची बाई दीड तास चोळायची, पोटाला तेल जिरवायची, आणि तुमच्याहून कमी घ्यायची." घेत असेल. आम्ही पोटावर दाब देत नाही, पोटऱ्या खोल रगडत नाही, आणि तीन महिने पुरे झाल्याशिवाय बुकिंगच घेत नाही. मालिशने गर्भपात होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण पहिल्या तीन महिन्यांत तो मुळातच जास्त होतो आणि नंतर जन्मभर कुणाच्या तरी हाताला दोष लागतो. तो आमच्या मावशींच्या हाताला लागू द्यायचा नाही. ५० मिनिटंच का, तर एका कुशीवर त्याहून जास्त वेळ पडून कुणालाच सुख होत नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी आम्ही पहिल्याच वेळी मागतो. प्रत्येक वेळी मावशी तुमची फाईल किंवा माता-बाल संरक्षण कार्ड उघडून शेवटचं बीपी बघतात. त्यावर नाराज होऊ नका. तपासणी राहिली असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती करून घ्या.

बुकिंगबद्दल

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी मालिश ठेवू नका. तेलकट केसांत वेणी बसत नाही, तासभर आराम मिळत नाही, आणि पाहुण्यांपुढे झोपाळ्यावर बसल्यावर चक्कर आली की सगळेच घाबरतात. आदल्या दिवशी ठेवा. पाच मालिशचं एकत्र बुकिंग केलं तर दर वेळी तीच मावशी येते, तिला तुमची कंबर कुठे धरते ते ठाऊक असतं, आणि सहावी अर्ध्या दरात पडते. बाळंतपणानंतरच्या मालिशसाठीही तीच हवी असेल तर सातव्या महिन्यातच नाव सांगून ठेवा, लग्नसराईत आणि दिवाळीच्या सुमारास मावशी मिळत नाहीत. सिझेरियन झालं तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत तारीख आम्ही पुढे ढकलतो, त्याचे पैसे कापत नाही.

खाली अंथरायला जुनी सुती चादर काढून ठेवा. तेलाची चादर बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनला लावू नका, आधी गरम पाण्यात सोडा घालून भिजवा. वेळ बदलायची असेल तर आदल्या संध्याकाळी सातपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा. पैसे मावशींच्या हातात देऊ नका, ऑफिसकडेच पाठवा. चहा मात्र त्यांना चालतो, बिनसाखरेचा.