मनगटाला पावले कशी कळतात?

वडोदऱ्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या अनेकांच्या मनगटावर आता पावले मोजणारा पट्टा किंवा घड्याळ असते, आणि फेरी संपली की त्यावरचा आकडा एकमेकांना सांगितला जातो. हा आकडा कितपत खरा धरावा, हे ठरवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मनगटावरचे यंत्र पाऊल मोजत नाही. ते मनगटाची हालचाल मोजते आणि तिच्यावरून पावलांचा अंदाज बांधते.

या यंत्रात सिलिकॉनचा सूक्ष्म त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल टिपणारे उपकरण, असतो. त्यातला लवचीक आधारांवर तोललेला भाग हालचालीबरोबर किंचित सरकतो, शेजारच्या स्थिर पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते आणि त्यामुळे विद्युत धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. ही नोंद तीन दिशांमध्ये सेकंदाला अनेक वेळा होते. टाच जमिनीला टेकताना बसणारा हलका धक्का शरीरातून मनगटापर्यंत पोहोचतो, शिवाय हातही झुलत असतो. निरोगी माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२० पावले टाकतो, म्हणून या नोंदींच्या आलेखात सेकंदाला जवळपास दोन शिखरे उमटतात. एखाद्या हिसक्याला पाऊल समजू नये, यासाठी अनेक यंत्रे सलग काही पावलांची लय जुळल्यावरच मोजणी धरतात.

बागेतल्या सरळ रस्त्यावर, हात मोकळे सोडून चालताना ही युक्ती चांगली साधते. घरात मात्र ती फसते. ओट्यापासून फ्रिजपर्यंत चार पावले, तिथे थांबणे, पुन्हा तीन पावले, अशा तुटक चालण्यात लय जुळतच नाही आणि ही पावले बरेचदा नोंदीतून गळतात. उलट एका जागी उभे राहून पोळ्या लाटताना मनगट लयीत पुढेमागे होते. लाटणे पोळीच्या कडेला पोहोचून परत फिरते तेव्हा त्वरणाचे शिखर येते, आणि यंत्राला ते पावलासारखे भासू शकते. दिवसभर घरकाम करणाऱ्या व्यक्तीच्या आकड्यात या दोन्ही चुका मिसळलेल्या असतात. त्या एकमेकींना अचूक भरून काढतील, असे मानायला काहीच आधार नाही.

खंडेराव मार्केटमधून दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या घेऊन निघाल्यावर पाय चालत असतात, पण हात झुलत नाहीत. बाळाची गाडी ढकलतानाही तेच होते, आणि मोजणी कमी भरते. नवरात्रातला तीन टाळीचा गरबा तर या यंत्राची कठीण परीक्षाच आहे, कारण टाळीचा धक्का थेट मनगटावर बसतो आणि तिची लय पावलांच्या लयीत मिसळते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये १४ निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर चालवून फोनमधील अ‍ॅप आणि अंगावरची यंत्रे तपासली. फोनची मोजणी प्रत्यक्षापेक्षा सुमारे ७ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त निघाली, तर मनगटावरच्या एका पट्ट्याने २२ टक्क्यांहून अधिक पावले गाळली. एकसारख्या गतीच्या चालण्यात इतका फरक पडत असेल, तर स्वयंपाकघरातल्या आकड्याकडे अधिकच सावधपणे पाहायला हवे, असे मला वाटते.

सर्वांत काळजीची बाब वृद्धांची आहे. चालण्याचा वेग ताशी ३ किलोमीटरच्या आसपास आला की धक्का मंद होतो, शिखर ठरवलेल्या उंचीपर्यंत पोहोचत नाही आणि पावले मोठ्या प्रमाणात निसटतात. काठी किंवा वॉकर धरलेला हात तर जवळजवळ स्थिरच असतो. अशा आजोबांना कमी आकडा दाखवून आणखी चालायला लावणे अन्यायाचे आहे. त्यांच्यासाठी घोट्याला बांधायचे यंत्र बहुधा अधिक विश्वासार्ह ठरते.

रोजच्या १०,००० पावलांचे लक्ष्य १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाले. २०१९ मध्ये अमेरिकेतील १६,७४१ वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये, २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आणि ७,५०० च्या पुढे हा फरक फारसा वाढला नाही. पण त्या स्त्रियांची यंत्रे कमरेला होती, त्यामुळे मनगटावरचा आकडा त्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाही.

स्वतःच्या यंत्राची चूक मात्र घरीच काढता येते. मनातल्या मनात मोजून १०० पावले हात मोकळे ठेवून चालावे, मग तितकीच पिशवी धरून आणि तितकीच अगदी सावकाश, आणि प्रत्येक वेळी यंत्राचा आधीचा व नंतरचा आकडा लिहून ठेवावा.