घरगुती बिअर

घरगुती बिअर म्हणजे स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःला आणि घरच्या-मित्रांना पिण्यापुरती बनवलेली बिअर, विकायची नाही. या छंदाला होमब्रूइंग म्हणतात आणि अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इकडे तो चांगलाच रुळलेला आहे. लागतात चारच गोष्टी: पाणी, माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, आपले जव किंवा सातू), हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट, म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल बनवणारी सूक्ष्म बुरशी.

आधी कायद्याचं सांगून टाकतो, कारण इथेच लोक गोंधळतात. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर बनवायला लायसन्स लागत नाही. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली तेव्हा केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली, एका माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन, पण राज्यांचे कायदे वेगळे होते आणि मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं थेट २०१३ मध्ये तयार झाली. आंबवणं चालतं म्हणजे घरी दारू गाळणं चालतं असं नाही, ती मोकळीक गाळण्याला नव्हती. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि लायसन्सशिवाय मद्य बनवता येत नाही, त्यात घरची बिअरही आली. म्हणून खालचं सगळं जिथे परवानगी आहे तिथल्यासाठी.

आपल्याकडे घरी बनवलेलं मद्य म्हटलं की हातभट्टीच डोळ्यासमोर येते आणि भीती वाटते. पण बिअर गाळलेली नसते, नुसती आंबवलेली असते. अल्कोहोल, आंबटपणा आणि हॉप्स हे तिन्ही मिळून त्यात रोगजंतूंना सहसा टिकू देत नाहीत, त्यामुळे बिघडलेली बिअर बेचव लागेल, वास मारेल, पण विषारी होण्याची भीती जवळपास नसते. खरा धोका वेगळाच आहे, फुटणाऱ्या बाटल्यांचा, तो पुढे येतो.

मुळात बिअर बनवतं ते यीस्ट, आपण फक्त त्याच्यासाठी गोड पाणी तयार करतो. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. बार्लीला मोड आले की दाण्यात एन्झाइम तयार होतात, मग तो दाणा भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवला की स्टार्चची साखर होते, याला मॅशिंग म्हणतात. तापमान खालच्या बाजूला ठेवलं तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त मिळते आणि बिअर हलकी, कोरडी होते, वर नेलं तर अंगानं भरीव आणि जराशी गोड. पण नवशिक्यानं पहिल्याच वेळी यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाजारात माल्ट एक्स्ट्रॅक्ट मिळतं, दिसायला अगदी काकवीसारखं दाट, म्हणजे मॅशिंग करून आटवलेला वर्टच तो, त्यानं सुरुवात करावी.

अमेरिकेत नेहमीचा घाणा ५ गॅलनचा, म्हणजे साधारण १९ लिटरचा. त्यासाठी ३ किलो पातळ माल्ट एक्स्ट्रॅक्ट, ३० ते ६० ग्रॅम हॉप्स आणि कोरड्या यीस्टचं एक ११ ग्रॅमच्या आसपासचं पाकीट पुरतं. घरच्या शेगडीवर १९ लिटर उकळत नाही, म्हणून १० लिटर पाणी उकळून त्यात एक्स्ट्रॅक्ट घालायचं आणि शेवटी आधी उकळून गार केलेल्या पाण्यानं भर घालायची. एक्स्ट्रॅक्ट घालताना गॅस बंद करा, नाहीतर ते तळाशी बसून करपतं आणि तो करपट वास शेवटपर्यंत जात नाही. पहिल्या उकळीला दुधासारखं उतू जातं, तेव्हा भांड्यासमोरून हलू नये.

हॉप्स दोन वेळा घालतात. तासभर उकळलेले हॉप्स कडवटपणा देतात, कारण त्यातली आम्लं नीट उकळल्याशिवाय बदलत नाहीत आणि पाण्यात उतरत नाहीत. शेवटच्या पाचदहा मिनिटांत घातलेले वास देतात, कारण वास उडून जायला वेळच मिळत नाही (गरम मसाला शेवटी घालतो तसंच). अमेरिकेच्या कॅस्केड हॉप्सना मोसंबी-ग्रेपफ्रूटसारखा वास येतो, चेक साझ सौम्य आणि मसालेदार. नवशिक्याला कॅस्केड वापरून पेल एल (फिकट रंगाची, खोलीच्या तापमानाला आंबणारी बिअर) जमते, चूक झाली तरी ती हॉप्सच्या वासाखाली बरीचशी झाकली जाते.

उकळणं संपलं की वर्ट लवकरात लवकर २० अंशांपर्यंत गार करायचा, सिंकमध्ये बर्फाचं पाणी भरून त्यात भांडं ठेवलं तरी होतं. आणि इथून पुढे वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी, बादली, झाकण, चमचा, नळी, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. ज्यांची पहिली बिअर फसते त्यातल्या बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं, रेसिपीत नाही. धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं, आधी घासूनपुसून स्वच्छ करायचं आणि मग स्टार सॅनसारखं न धुता चालणारं द्रावण फिरवायचं. वाईट भांड्यात लावलेल्या दह्याला तार सुटते ना, तशी जंतू शिरलेल्या बिअरलाही सुटू शकते. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामीन असेल तर बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. क्लोरीन उकळून जातं पण क्लोरामीन जात नाही, त्यासाठी कॅम्पडेनची गोळी मिळते, तिचा छोटासा तुकडा एका घाण्याला पुरतो.

यीस्ट घातल्यावर बादलीला झाकण आणि झाकणावर एअरलॉक लावायचा, म्हणजे आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. बादली प्लॅस्टिकची घ्या, काचेचे मोठे कारबॉय (अरुंद तोंडाचे बुधले) दिसायला छान असतात पण भरलेला कारबॉय ओल्या हातातून निसटला तर काचेच्या भयंकर जखमा होतात. एल जातीच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात, लागरच्या (थंडाव्यात आंबणाऱ्या बिअरच्या) यीस्टला ८ ते १३, म्हणून वेगळा फ्रीज नसेल तर लागरच्या वाटेला जाऊ नये. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं, खोली २२ अंशांवर असली तरी बादलीत २५ च्या वर जाऊ शकतं, आणि मग केळ्याचा वास किंवा घशाला जळजळणारी जड अल्कोहोलं तयार होतात. उपाय आपल्या ओळखीचा आहे, बादली पाण्याच्या टबात ठेवायची आणि माठाला गुंडाळतो तसं ओलं फडकं गुंडाळायचं, पंखा लावला तर आणखी दोनचार अंश उतरतात.

एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली असं नाही. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायचं साधन घ्या, फार महाग नसतो. आंबवायच्या आधी घनता समजा १.०४८ होती आणि नंतर १.०१० झाली, तर फरकाला १३१ नं गुणलं की अल्कोहोल मिळतं, इथे साधारण ५ टक्के. नंतरचा आकडा दोनतीन दिवस एकाच जागी राहिला की मगच बाटल्या भरायच्या, बहुतेक वेळा दोन आठवडे जातात. घाई केली तर यीस्टनं अजून न आवरलेला लोण्यासारखा किंवा हिरव्या सफरचंदासारखा वास बिअरमध्ये राहतो, आणि त्याहून वाईट म्हणजे उरलेली साखर बंद बाटलीत आंबत राहते, दाब वाढतो आणि बाटली फुटते. कपाटात एक फुटली की शेजारच्याही फुटतात.

फेस येण्यासाठी बाटलीत थोडी साखर मुद्दाम लागतेच, १९ लिटरला ११० ते १२० ग्रॅम, ती वजन करूनच घ्यायची, कपभर पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये हलकेच मिसळायची, जोरात ढवळलं तर हवा मिसळून काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्याची चव येते. बाटल्या तपकिरी आणि जाड काचेच्या हव्यात, कारण उजेडानं हॉप्समधल्या घटकांचा असा काही वास होतो की स्कंकची (दुर्गंधी सोडणारा अमेरिकेतला प्राणी) आठवण येते, पारदर्शक आणि हिरव्या बाटलीत हे फार पटकन होतं.

भरलेल्या बाटल्या २० अंशांच्या आसपास दोन आठवडे अंधारात ठेवायच्या, मग दोन दिवस फ्रीजमध्ये उभ्या. तळाशी यीस्टचा पांढरट थर बसतो, ते बिघाडाचं लक्षण नाही. ग्लास तिरका धरून एका दमात ओतायचं आणि शेवटचं बोटभर गाळासकट बाटलीतच राहू द्यायचं.