पडून राहिलेलं बोटीचं इंजिन

बडोद्याला समुद्र नाही. चांदोदला जाऊन नर्मदेच्या पात्रात नावेत बसायचं, विधी उरकायचे आणि परत यायचं, एवढाच इथल्या मराठी घरांचा बोटीशी संबंध असायचा. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने तो वाढवला. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि बोटी रस्त्यांवर फिरल्या. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदी पुन्हा सोसायट्यांमध्ये शिरली आणि चांगला मुक्काम ठोकून बसली. एनडीआरएफची सहावी बटालियन इथून जवळ जरोदला आहे, पण पाणी एकाच वेळी साऱ्या शहरात शिरलं की बोटी पुरायच्या कशा? मग काही सोसायट्या, काही हौशी मंडळं वर्गणी काढून किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडून जुनी आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन, घेऊन येतात. बचावकार्यातली माणसं तिला ओबीएम म्हणतात.

तिचं पुढे काय होतं, ते ठरलेलं आहे. आणली त्या दिवशी पिंपात पाणी भरून सुरू करून बघतात, टाळ्या वाजतात, आणि मग ती जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळली जाते. पुढच्या पावसात आजवा जलाशयाची पातळी २१२ फुटांकडे सरकायला लागली की ताडपत्री निघते. रस्सी ओढून ओढून खांदे भरून येतात, इंजिन हूं की चूं करत नाही. निदान एकच: ‘जुनी झाली हो.’

मला हे निदान पटत नाही. पुरासाठी ठेवलेली मोटर वर्षाकाठी चालते ती काही तास. तेवढ्याने पिस्टन, सिलिंडर, गिअर झिजत नाहीत. वीस वर्षं जुन्या मोटरीतलं लोखंड बहुतेकदा ठणठणीत असतं. बिघडतं ते सगळं पडून राहिल्यामुळे: पेट्रोल, रबर, आणि जिथे दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून बसलेत त्या जागा. दुरुस्तीला बसताना हे डोक्यात असलं की कुठे आधी हात घालायचा ते आपोआप ठरतं.

यंत्राची रचना सरळ आहे. ओल एव्हिनरूड या जन्माने नॉर्वेजियन असलेल्या अमेरिकन कारागिराने १९०९ मध्ये दीड हॉर्सपॉवरची मोटर बाजारात आणली, तेव्हापासून मूळ मांडणी तीच. वर उभ्या क्रँकचं इंजिन, त्याच्या डोक्यावर फ्लायव्हील, खाली जाणारा लांब शाफ्ट, तळाशी काटकोनात वळवणारे गिअर आणि पंखा. आपल्याकडे जुन्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मोटरी टू-स्ट्रोक असतात. त्यांच्यात ऑइलची वेगळी टाकी नसते, की चेंबर नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच बेअरिंगपर्यंत पोचतं. बऱ्याच मोटरींना ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल लागतं, म्हणजे दहा लिटरला २०० मिलिलिटर. स्कूटरचं टू-टी ऑइल ओतून वेळ मारून नेऊ नका. बोटीच्या मोटरीला टीसी-डब्ल्यू३ प्रतीचं, जळल्यावर राख न सोडणारं ऑइल लागतं.

सुरुवात ठिणगीपासून करावी, कारण ती तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्याही आधी लाल गुंडाळीच्या दोरीची क्लिप जागेवर आहे का ते बघावं. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून ती असते. क्लिप निघाली की ठिणगीचा करंट थेट अर्थिंगला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या बॉडीत जातो. तासभर रस्सी ओढून मंडळी हैराण होतात आणि क्लिप कुणाच्या तरी खिशात असते. क्लिप जागेवर असेल तर प्लग काढून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवायची, सावलीत उभं राहायचं आणि रस्सी ओढायची. निळी, कडक आवाजाची ठिणगी चांगली. पिवळी, बारीक असेल तर संशय घ्यायचा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते, तेव्हा प्लग त्या भोकापासून लांब धरा.

फ्लायव्हीलच्या आतले चुंबक कॉइलजवळून फिरले की काहीशे व्होल्ट तयार होतात. ते सीडीआय नावाच्या डबीतल्या कपॅसिटरमध्ये साठतात. दुसरी छोटी कॉइल ‘आता’ असा इशारा देते आणि तो साठा एका झटक्यात इग्निशन कॉइलमध्ये रिकामा होतो. तिथे त्याचे वीस हजारांच्या वर व्होल्ट होतात. यात घासणारं काहीच नाही, त्यामुळे डबी सहसा जात नाही. जाते ती तिची अर्थिंगची जोडणी. वायरच्या टोकाची गोल चकती आणि इंजिनाचं अॅल्युमिनियम यांच्यामध्ये पांढरी पावडर जमते आणि वाट अडते. पॉलिश पेपरचा तुकडा पुरतो. साध्या मल्टिमीटरने सीडीआयचे व्होल्ट मोजायला जाऊ नका. तो इतका क्षणिक झटका पकडू शकत नाही, कमी आकडा दाखवतो आणि चांगली डबी भंगारात जाते.

ठिणगी आहे, तरी इंजिन गप्प, म्हणजे पेट्रोल. खरी गंमत इथे आहे. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं. मागे राहतं ऑइल आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन बनलेला चिकट, राळेसारखा थर. बडोद्याच्या मे महिन्यात ही क्रिया भराभर होते. आधी बुजतं ते सगळ्यात बारीक भोक, म्हणजे रेस न देता इंजिन चालताना पेट्रोल सोडणारा आयडल जेट. त्याचं लक्षण सांगतो: चोक ओढलेला असेपर्यंत इंजिन चालतं, चोक आत ढकलला की मरतं. किंवा रेस दिली की पळतं, सोडली की बंद. असं दिसलं तर कार्बोरेटर उतरवून वाटी उघडावी. तळाशी मधासारखा रंग आणि कडेला हिरवट डाग दिसले की कारण सापडलं.

आता कुणीतरी सुई किंवा तार पुढे करतो. घेऊ नका. जेट पितळेचा असतो, पितळ मऊ. अर्ध्या मिलिमीटरचं भोक तारेने घासून ०.५५ मिलिमीटर झालं, तर व्यास वाढला फक्त दहा टक्के, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं: १.१ गुणिले १.१ म्हणजे १.२१. पेट्रोल एकवीस टक्के जास्त जाणार, आणि ती मोटर पुन्हा कधी नीट आयडलला उभी राहणार नाही. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवावं आणि कॉम्प्रेसरची हवा मारावी. रात्रभर भिजवावं लागलं तरी चालेल.

मुख्य जेट अर्धवट बुजलेला असणं त्याहून वाईट, कारण इंजिन सुरू होतं आणि आपण समाधानाने निघतो. वर म्हटलं की टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. म्हणजे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, आणि वर मिश्रण पातळ झाल्याने, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याने, पिस्टन जास्त तापतो. पूर्ण रेसमध्ये पिस्टन जाम होतो तो असा. त्यात आता भर पडली आहे ई-२० ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. जुना कार्बोरेटर शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने बेतलेला, त्यामुळे इथेनॉल मिसळलं की त्याचं मिश्रण मुळातच थोडं पातळ पडतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदेही इथेनॉलने फुगतात, भेगाळतात. नळी बदलायची असेल तर ई-२० ला चालणारीच मागावी.

इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पेट्रोल खराब करतं, असं सरसकट म्हटलं जातं. त्यात अर्धं तथ्य आहे. नुसत्या ओलाव्याने थर वेगळे पडायला बराच काळ लागतो, आणि इथेनॉल जास्त असेल तर मिश्रण उलट थोडं जास्त पाणी पेलतं. टाकीच्या झाकणातून पावसाचं पाणी शिरलं तर मात्र एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी हात धरून तळाला बसतात. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतली नळी तळाशी टेकलेली, म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो बिनऑइलचा. तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. पाण्याचा थर असेल तर रेघ स्पष्ट दिसते.

एक तक्रार वारंवार ऐकू येते: दहा-पंधरा मिनिटं छान चालते, मग दम तोडते, थोडं थांबलं की पुन्हा सुरू होते. याची दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. पहिलं, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला आहे. पेट्रोल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, आत दाब उतरत जातो. इंजिनाचा पंप म्हणजे क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर हलणारा एक पातळ पडदा, त्याची ताकद ती किती? थोड्या वेळाने त्याला पेट्रोल ओढवेना होतं. दुसरं, कॉइलमधली बारीक तार आतून तुटत आली आहे. थंड असताना तिची टोकं टेकलेली असतात, तापून प्रसरण झालं की सुटतात, निवलं की पुन्हा टेकतात.

ओळखायचं कसं? इंजिन मरायला लागलं त्या क्षणी नळीवरचा रबरी बल्ब दाबायचा. दाबल्यावर तगलं, तर दोष पेट्रोलच्या वाटेत. झाकण सैल करा, हवा ‘फस्स’ करून आत गेली की प्रश्न मिटला. बल्ब दाबूनही फरक नसेल तर लगेच, इंजिन गरम असतानाच, ठिणगी बघा. थंड झाल्यावर बघितली तर ती चांगलीच दिसणार आणि तुम्ही पुन्हा कार्बोरेटर उघडून बसणार.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तर मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. गेज लावून दोन्ही सिलिंडर मोजावेत. आकडा मॉडेलगणिक वेगळा असतो, पण दोघांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर काम मोठं आहे. कोळ्यांकडून येणाऱ्या काही मोटरी रॉकेलवर चालणाऱ्या असतात. पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर न्यायच्या. त्यांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं, तेव्हा आकडा बघून घाबरू नका, आधी मॉडेल बघा.

इंजिन चालू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडायला हवी. नदीचंच पाणी आत ओढून इंजिन गार ठेवतात, आणि ते ओढतो तळातला रबरी इम्पेलर. त्याचं घर मध्यापासून जरा सरकवलेलं असतं, म्हणून फिरताना एका बाजूच्या पात्या वाकतात, दुसऱ्या बाजूच्या सरळ होतात, आणि पाणी ढकललं जातं. मोटर वर्षभर पडून राहिली की वाकलेल्या पात्या घडी घालून ठेवलेल्या सतरंजीसारख्या तशाच राहतात. विश्वामित्रीचा गाळ उरलेलं काम करतो. इम्पेलर दोन वर्षांनी न बघताच बदलावा, आणि पाण्याशिवाय मोटर कधीही सुरू करू नये. कोरडा इम्पेलर अर्ध्या मिनिटातसुद्धा जळतो. मोटर ठेवायची असेल तेव्हा महिन्याकाठी रस्सी अगदी हळू, थोडीशी ओढावी, म्हणजे पात्यांची जागा बदलते.

इम्पेलरपर्यंत पोचायला खालचा भाग उतरवावा लागतो, आणि तिथे बोल्ट आडवे येतात. समुद्रावरून आलेल्या मोटरीत स्टेनलेसचा बोल्ट आणि अॅल्युमिनियमची बॉडी खाऱ्या पाण्यात भिजत राहिलेली असतात. अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पावडर मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आटे गच्च आवळून धरते. जोर लावला की बोल्टचं डोकं हातात येतं. इथे उष्णता कामाला येते. दर अंशाला अॅल्युमिनियम दहा लाखांत सुमारे २३ भाग वाढतं, स्टेनलेस १६-१७. हीट गनने बोल्टभोवतीची बॉडी तापवली की भोक बोल्टापेक्षा जास्त मोठं होतं. तापवा, निवू द्या, तेल सोडा, पुन्हा तापवा. बोल्ट आधी किंचित आवळून बघायचा, करकर असा आवाज आला की समजायचं, सुटला. जवळपास पेट्रोल नको, हे वेगळं सांगायला नको.

मोटर विकत घेताना बॉडीवर लावलेल्या झिंकच्या तुकड्याकडे, म्हणजे अॅनोडकडे, जरूर बघा. बॉडीच्या आधी त्याने झिजावं म्हणूनच तो लावलेला असतो. खाऱ्या पाण्यातून आलेल्या जुन्या मोटरीवर तो कोरा करकरीत दिसला आणि त्यावर रंग मारलेला असेल, तर त्याच्या वाट्याचं झिजणं बॉडीने सोसलं आहे.

गिअरचं ऑइल खालच्या स्क्रूतून थेंबभर काढून बघावं. दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. पंखा काढला की सीलपाशी बहुतेकदा नायलॉनचा दोरा सापडतो. बडोद्यात उत्तरायणाचा मांजा वर्षभर नदीत असतो, आणि तो रबर सहज कापतो. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मापाची ऑइल सील मिळून जाते, जुनी नमुन्याला घेऊन जा. इंजिन जोरात फिरतंय आणि बोट हलत नाही, असं असेल तर गिअरला दोष देण्याआधी पंख्याची पिन तुटलीय का, किंवा त्याचं रबरी बुश फिरतंय का, ते बघा.

राहिली पुरात स्वतःच बुडालेली मोटर. चालू असताना बुडाली असेल तर रस्सी ओढू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. प्लग काढून फ्लायव्हील हाताने, चालते त्याच दिशेला फिरवा. अडकलं तर थांबा आणि जाणकाराकडे न्या. बंद अवस्थेत बुडाली असेल तर घाई करा, पण बाहेर काढून वाळवत ठेवू नका. पाण्याखाली लोखंड हळू गंजतं. ओलं लोखंड उघड्या हवेत आलं की क्रँकच्या बेअरिंगवर काही तासांतच गंजाचे ठिपके उठतात. वरून स्वच्छ पाण्याने चिखल धुवायचा, प्लग काढून भोकं खाली करायची, रस्सी ओढून पाणी बाहेर काढायचं, कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची, सिलिंडरमध्ये ऑइल सोडायचं. मग ताजं पेट्रोल, नवे प्लग, आणि पिंपात त्याच दिवशी किमान अर्धा तास चालवायची. त्या दिवशी पेट्रोल मिळत नसेल तर मोटर धुऊन स्वच्छ पाण्याच्या पिंपात अख्खी बुडवून ठेवा, आणि मिळाल्यावरच बाहेर काढा.