शेवंती रात्र मोजते, पिटुनिया थंडी

अंगावर शाल आली की बाग आठवते. म्हणूनच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बियांची पाकिटं सर्वांत जास्त खपतात. त्या वेळी पेरलेल्या बियांना फुलं लागतात ती फेब्रुवारीच्या अखेरीस. मग ऊन तापतं, झाडं पिवळी पडतात आणि सगळा खटाटोप पंधरा दिवसांत आटोपतो. हिवाळी फुलांचं काम खरं तर गणपती गेले की सुरू करायचं असतं, आणि शेवंतीचं तर पहिल्या पावसाबरोबर.

‘हिवाळी फुलं’ हे नाव आपण दोन अगदी वेगळ्या स्वभावांच्या झाडांना सरसकट देतो. शेवंती, पानचेटिया (पॉइन्सेटिया) आणि कलांचो ही रात्रीची लांबी मोजणारी झाडं. रात्र पुरेशी लांबली की ती कळी धरतात. पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स, डायंथस, कॅलेंड्युला आणि रोपवाटिकेत ‘डॉग फ्लॉवर’ म्हणून मिळणारा अँटिऱ्हायनम यांना रात्र लांब हवी असा काही हट्ट नाही. त्यांना उन्हाचा दिवस आणि गार रात्र हवी. कुंडीतलं झाड का फुललं नाही याचं उत्तर पुष्कळदा ते या दोनपैकी कोणत्या गटातलं आहे इथेच सापडतं.

झाडं दिवसाची लांबी ओळखतात हे अमेरिकेतल्या गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी १९२० साली दाखवून दिलं. त्यांच्यासमोर तंबाखूचा एक उंचच उंच वाण होता, जो उन्हाळाभर वाढत राहायचा पण फुलायचा नाही. रोज काही तास अंधाऱ्या खोलीत ठेवल्यावर तोच वाण भर उन्हाळ्यात फुलला. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम या काटेरी फळांच्या तणावर प्रयोग केले, आणि गोष्ट उलटी निघाली. लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं दिवा लावला की झाड फुलेनासं होई. दिवसा काही वेळ अंधार केला तर त्याला फरक पडत नसे. म्हणजे मोजमाप दिवसाचं नसून सलग अंधाराचं होतं.

हे मोजमाप पानं करतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ चायलाख्यान यांनी १९३०च्या दशकात शेवंतीच्याच झाडाची वरची पानं काढली आणि फक्त खालच्या पानांना लांब रात्र दिली; कळ्या मात्र वर, शेंड्याला आल्या. पानांकडून शेंड्याकडे काही तरी निरोप जातो असं त्यांनी मांडलं आणि त्या अज्ञात पदार्थाला ‘फ्लोरिजेन’ म्हटलं. तो निरोप म्हणजे एक छोटं प्रथिन आहे, हे २००७ मध्ये स्पष्ट झालं. अंधार ओळखण्याचं काम पानातल्या फायटोक्रोम या रंगद्रव्याचं. लाल प्रकाश पडला की ते एका रूपात जातं, अंधारात हळूहळू परत येतं. मध्येच दिवा लागला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता हे आकडे आपल्याकडे आणू. पुण्यात २१ जूनला दिवस सुमारे १३ तास १३ मिनिटांचा असतो आणि डिसेंबरात जेमतेम ११ तासांचा. लंडनमध्ये हाच फरक जवळपास पावणेनऊ तासांचा आहे, आपल्याकडे सव्वादोन तासांचा. पण शेवंतीला तेवढा पुरतो. तिच्या बहुतेक जातींना कळी नीट वाढायला साडेदहा तासांच्या आसपास सलग अंधार लागतो. जूनमध्ये पहाटेचा आणि संध्याकाळचा संधिप्रकाश वजा केला तर आपल्याकडे खरा अंधार उरतो दहाएक तासांचा, म्हणून पावसाळाभर शेवंती नुसती पानं काढते. ऑगस्टच्या उत्तरार्धात तो उंबरठा ओलांडला जातो. तिथून फूल उमलायला जातीनुसार आठ ते बारा आठवडे लागतात. दिवाळीच्या आगेमागे बाजारात शेवंतीचे ढीग दिसतात त्याचा हिशेब हा असा आहे.

यावरून शेंडे खुडण्याचं वेळापत्रक आपोआप ठरतं. जूनमध्ये मुळं फुटलेल्या छाटकलमा किंवा काश्या, म्हणजे झाडाच्या बुडातून फुटणारे कोंब, लावावेत. दहा इंची कुंडीत तीन पुरतात. रोप वीतभर झालं की वरचा दोन सेंटीमीटरचा शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. तीन-चार आठवड्यांनी त्या फांद्यांचेही शेंडे खुडावेत. शेवटची खुडणी १५ ऑगस्टपर्यंत उरकावी. सप्टेंबरात ‘झाड अजून पसरट होऊ दे’ म्हणून शेंडे खुडले, तर नुकत्या धरलेल्या कळ्याच खुडल्या जातात आणि मग डिसेंबरात तुरळक, आखूड देठांची फुलं येतात. झिपरीसारख्या हाराच्या जातींना एवढं पुरे. मोठ्या फुलांच्या शोभेच्या जातींत मात्र दर फांदीला एकच मधली कळी ठेवून बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या होण्याआधी काढून टाकाव्या लागतात. हात धजत नाही, पण त्याशिवाय फूल मोठं होत नाही.

आणि सगळं नीट करूनही शेवंती हिरवीगार, कळीविना उभी असेल, तर रात्री दहा वाजता तिच्याजवळ जाऊन पाहावं. रस्त्यावरचा दिवा, सोसायटीच्या जिन्यातला रात्रभर जळणारा बल्ब, गॅलरीत उशिरापर्यंत चालू असलेली ट्यूब, यांपैकी काही तरी तिच्या पानांवर पडत असणार. पॉलिहाउसमधले शेतकरी शेवंती लवकर फुलू नये म्हणून रात्री दहा ते दोन मुद्दाम दिवे लावतात, आणि त्यासाठी शंभर लक्सच्या आसपासचा प्रकाश पुरतो. वाचायच्या टेबलावर आपण याच्या तिप्पट-चौपट उजेड घेऊन बसतो. यावरून जवळच्या दिव्याची ताकद लक्षात यावी. उपाय दोन: कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवणं, किंवा संध्याकाळी सहा ते सकाळी सात तिच्यावर दुहेरी काळं कापड टाकणं. कळीला रंग दिसेपर्यंत यात एक रात्रही चुकवू नये. प्लास्टिक टाकू नये, कारण ऑक्टोबरच्या उकाड्यात आत वाफ कोंडते आणि गरम रात्रींनी कळी येणं उलट लांबतं. पानचेटियालाही हेच लागू आहे. त्याची लाल दिसतात ती फुलं नव्हेत, रंगलेली पानं आहेत. खरी फुलं मधली पिवळी बारीक बोंडं. सप्टेंबर संपता संपता त्याला रोज किमान १३ तास अंधार मिळू लागला तर नाताळापर्यंत रंग चढतो. नाही तर ते वर्षभर एक साधं हिरवं झुडूप असतं.

आता दुसरा गट. पिटुनिया, पॅन्सी, कॅलेंड्युला, अँटिऱ्हायनम यांच्या मूळ स्वभावात लांब दिवसाने फुलणं लवकर होतं, म्हणजे शेवंतीच्या नेमकं उलट. तरी ती आपल्याकडे हिवाळ्यात फुलतात, कारण पुण्याचा जानेवारी हा थंड देशांच्या वसंतासारखा असतो: दुपारी तीस अंशांच्या आसपास, पहाटे अकरा-बारा. आखूड दिवसांत ही रोपं उंच न जाता बुटकी आणि फांद्यांनी भरलेली राहतात, हा आपला फायदाच. रात्र गार असली की दिवसभर बनलेली साखर श्वसनात कमी खर्च होते आणि फुलांकडे जास्त जाते. लाल-जांभळे रंग देणारी अँथोसायनिन द्रव्यंही गारव्यात जास्त साठतात. म्हणून एकाच रोपाचं जानेवारीतलं फूल गडद आणि मार्चमधलं फिकट, लहान असतं.

या फुलांची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात साधावी. पेरणीपासून पुनर्लागवडीला चार-पाच आठवडे आणि पहिल्या फुलाला साधारण ६० ते ९० दिवस लागतात, असा हिशेब मागे मोजत यावा. बी किती खोल टाकायचं हे मात्र प्रत्येकाचं वेगळं. पिटुनियाचं बी धुळीसारखं. एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून ओल्या मिश्रणावर नुसतं शिंपडून हलकं दाबायचं, वर माती टाकायची नाही. बारीक कोरड्या वाळूत मिसळून पेरलं तर एका जागी गर्दी होत नाही. पॅन्सी, फ्लॉक्स आणि कॅलेंड्युला यांचं बी याच्या उलट अंधारात बरं उगवतं. त्यावर त्याच्या जाडीच्या दुप्पट थर द्यावा. पॅन्सीला उगवतानाही गारवा हवा. ऑक्टोबर हीटमध्ये गच्चीवर पेरलेली पॅन्सी उगवत नाही तेव्हा दोष बियांच्या कंपनीचा नसतो. ती घरात, फरशीवर, सावलीत पेरावी. नॅस्टर्शियम आणि स्वीट पी यांना मुळं हललेली खपत नाहीत, ती थेट कुंडीतच टोकावीत. पहिल्याच वर्षी पिटुनिया बियांपासून करण्याच्या भरीस पडू नये. तिची तयार रोपं घ्यावीत आणि बियांचा हात कॅलेंड्युला, झेंडू, नॅस्टर्शियमवर बसवावा.

रोपवाटिकेतलं सर्वांत मोठं नुकसान म्हणजे रोपं कोलमडणं. काल ताठ असलेलं रोप आज जमिनीलगत काळं पडून आडवं होतं, आणि दोन दिवसांत ट्रेचा अर्धा भाग रिकामा. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी हे करतात, आणि त्यांना निमंत्रण आपण देतो: दाट पेरणी, वापरलेली जुनी माती, वरून झारीने सतत पाणी. मिश्रण कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं घ्यावं, किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशीची पूड मिसळावी आणि ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवून खालून ओल द्यावी. वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये थोडा सुकला पाहिजे. चार खरी पानं आली की रोप हलवण्याजोगं होतं, आणि हलवायचं ते संध्याकाळी.

कुंडीत नुसती काळी माती भरू नये. ओली असताना ती चिकट होऊन मुळांचा श्वास कोंडते, सुकली की भेगाळते आणि पाणी भेगांतून सरळ तळाला जातं. दोन भाग पोयटा माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड पुरते. पिटुनियाला आठ इंची कुंडी एका रोपाला, डेलियाला बारा इंची. दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण) हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम द्यावं, कळ्या दिसू लागल्या की १३:०:४५. नॅस्टर्शियमला यातलं काही देऊ नये. सकस मातीत ते छत्रीएवढी पानं काढतं आणि फुलं पानांखाली लपतात.

ऊन किती मिळतं हे जागा ठरवताना पाहिलं जातं, पण बहुधा पावसाळ्यात. तिथेच फसगत होते. २३ सप्टेंबरनंतर सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो, तेव्हा उत्तरेकडच्या गॅलरीत मार्चच्या विषुवदिनापर्यंत थेट ऊन येतच नाही. दक्षिणेकडची गॅलरी जूनमध्ये सावलीत असते, पण डिसेंबरच्या दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो आणि ऊन थेट आत, भिंतीपर्यंत पोचतं. हिवाळी फुलांसाठी ही सर्वांत भाग्यवान गॅलरी. पूर्वेची चालते. उत्तर गॅलरीवाल्यांनी या फुलांचा नाद सोडून शोभेच्या पानांकडे वळावं, हे बरं.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर रात्री पुरेशा गार होत नाहीत, तिथे पॅन्सीवर पैसे घालू नयेत. झेंडू, कॉसमॉस, झिनिया आणि डिसेंबरात लावलेला पिटुनिया एवढं तिथे जमतं, आणि अबोलीला तर उबच मानवते. नाशिक-निफाडकडे पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा पॅन्सी आणि डायंथस खुशीत असतात. झेंडू मात्र काळवंडतो.

ज्यांना एवढी उठाठेव नको त्यांच्यासाठी दोन झाडं पुरेशी आहेत. कोरांटी, पिवळी किंवा जांभळी, पावसाळ्यात फांदी खोचली की लागते आणि ऑक्टोबरपासून फुलते. आणि कुंपणावर संक्रांतवेल: मूळची ब्राझीलची, जानेवारीत नारिंगी नळ्यांचे घोस पानं झाकून टाकतात. तिची छाटणी फुलं संपल्यावर लगेच, फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. दिवाळीच्या साफसफाईत वेल छाटणारे लोक जानेवारीची फुलंच छाटून टाकतात.

बहर लांबवायचा तर कोमेजलेली फुलं रोज खुडावीत, पण नुसत्या पाकळ्या ओढून उपयोग नाही. पाकळ्यांखालचा हिरवा बीजकोश राहिला तर झाड बी पोसायला लागतं आणि नवी कळी थांबते. देठासकट काढावं. ढगाळ हवेत शेवंतीच्या शेंड्यांवर काळा मावा येतो. लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन मिली द्रवसाबण ढवळून संध्याकाळी फवारावं. कॅलेंड्युला आणि डेलियाच्या पानांवर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, मात्र तेल आणि गंधक यांच्या फवारण्यांत पंधरा दिवसांचं अंतर ठेवावं, नाही तर पानं करपतात. संकरित पिटुनियाचं बी पुढच्या वर्षासाठी धरून ठेवण्यात अर्थ नाही. पुढची पिढी रंगाने आणि आकाराने भरकटते.

शेवंती मात्र टिकवायची. बहर संपला की ती जमिनीपासून चार बोटं ठेवून कापावी. बुडातून काश्या फुटतील, पण फेब्रुवारीतही रात्र लांबच असते, म्हणून त्या पानं वाढवायच्या आधीच कळ्या धरू पाहतात आणि खुरटतात. अशा वेळी ती कुंडी उचलून नेमकी त्या जिन्यातल्या रात्रभर जळणाऱ्या बल्बखाली ठेवावी. जूनपर्यंत तिथेच राहू द्यावी आणि नव्या छाटकलमा तिथल्याच हिरव्या शेंड्यांच्या घ्याव्यात.