'त्याच्या' म्हणजे नेमके कुणाच्या?

धर्माच्या नावावर मते मागण्यास बंदी आहे, हे प्रचारसभेतल्या माईकवाल्यालाही ठाऊक असते. वाद आहे तो या बंदीच्या शब्दांवर, आणि त्यातल्या काही गाजलेल्या खटल्यांचे धागे मुंबईतल्याच मतदारसंघांत सापडतात.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात जात वा धर्माच्या आधारे 'पद्धतशीर' आवाहन करणे हा गैरप्रकार होता, तोही किरकोळ वर्गातला. एखादे भाषण म्हणजे काही पद्धत नव्हे, असा बचाव त्यात सहज बसत असे. 1961 च्या दुरुस्तीत 'पद्धतशीर' हा शब्द गेला. कलम 123(3) कडक झाले, पण त्याच वेळी एक छोटे सर्वनाम आत शिरले. कुणाला मत द्या किंवा देऊ नका असे 'त्याच्या' धर्माच्या, वंशाच्या, जातीच्या, समाजाच्या वा भाषेच्या कारणावरून सांगणे, हा गैरप्रकार ठरला.

हे 'त्याच्या' कुणाचे? उमेदवाराचे, की ज्याच्यापुढे हात जोडले त्या मतदाराचेही? मराठीत 'आपल्या' आणि 'त्याच्या' असे दोन वेगळे शब्द हाताशी आहेत. 'आपल्या धर्माच्या नावावर मत मागू नये' असे लिहिले असते, तर निदान मागणाऱ्याचा धर्म तरी पक्का झाला असता. मूळ इंग्रजी मसुद्यातल्या 'हिज'ला ती सोय नाही. पुढे पन्नासेक वर्षे वकिलांना या एका शब्दाने काम पुरवले.

डिसेंबर 1987 मध्ये विलेपार्ले विधानसभेची पोटनिवडणूक झाली. विजयी उमेदवारासाठी एका पक्षप्रमुखाने केलेली भाषणे उच्च न्यायालयात गेली आणि 1989 मध्ये निवड रद्द झाली. दुसरे प्रकरण 1990 चे, दादरचे. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य येईल, असे विधान उमेदवाराने केल्याचा आक्षेप होता. उच्च न्यायालयाने तीही निवड रद्द केली.

11 डिसेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या एकाच त्रिसदस्य खंडपीठाने दोन्ही निकाल दिले. पार्ल्याची निवड रद्दच राहिली. भाषण करणाऱ्या नेत्याचा मताधिकारही पुढे सहा वर्षांसाठी गेला. दादरचे उमेदवार मात्र सुटले. हिंदू राज्याचे विधान कितीही तिरस्करणीय असले, तरी ती फार तर आशा आहे, उमेदवाराच्या धर्मावरून केलेले मतांचे आवाहन नव्हे, असे कारण देण्यात आले. तोवर हे उमेदवार मुख्यमंत्री झालेले होते! पार्ल्याच्या निकालात 'हिंदुत्व' हा शब्द जीवनपद्धती या अर्थानेही वापरला जातो, असे म्हटले होते. प्रचारात पुढे तेवढेच एक वाक्य फिरत राहिले. त्याच निकालात उमेदवार हरला होता, हे फारसे कुणी सांगितले नाही.

तिसरा खटला सांताक्रूझचा, तोही 1990 च्याच निवडणुकीतला. निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. त्यातल्या 'त्याच्या'च्या वादावर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींचे उत्तर आले 2 जानेवारी 2017 रोजी. चार विरुद्ध तीन अशा बहुमताने 'त्याच्या'त उमेदवार, त्याचा प्रतिनिधी आणि मतदार हे सगळे आले. अल्पमतातल्या तिघांचे म्हणणे असे, की जात, धर्म वा भाषेमुळे ज्यांना सोसावे लागले त्यांनी ते गाऱ्हाणे मतपेटीपुढे मांडायचेच नाही का? महाराष्ट्रातल्या सामाजिक चळवळींचा इतिहास पाहता हा प्रश्न बहुमताच्या उत्तरापेक्षा जड वाटतो. मंदिर-मशिदीच्या नावावर मत मागणे आणि वस्तीला पाणी नाकारले गेले म्हणून जातीचा उल्लेख करणे, हे एकाच तागडीत कसे घालणार?

'हिंदुत्व'च्या अर्थाची फेरतपासणी मात्र त्या पीठाने ऑक्टोबर 2016 मध्येच नाकारली होती. त्यामुळे 'हिंदुत्व'चा 1995 चा अर्थ आणि 'त्याच्या'चा 2017 चा अर्थ आज शेजारी शेजारी उभे आहेत. 2024 च्या विधानसभा प्रचारात 'बटेंगे तो कटेंगे' आणि 'व्होट जिहाद' हे शब्द व्यासपीठांवरून ऐकू आले. असल्या घोषणांत उमेदवाराचे नाव नसते, त्याचा धर्मही सांगितलेला नसतो. आणि बोलणारा दुसराच असला, तर उमेदवाराची संमती होती हेही याचिकाकर्त्यालाच सिद्ध करावे लागते. तेही निकालानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालय गाठले असेल तर.