वनस्पतिरोगांचा व्यापारमार्गे प्रसार

रोपे, कलमे, कंद, बियाणे, लाकूड किंवा मुळांना चिकटलेली माती देशोदेशी नेली जाते, तेव्हा त्यांच्याबरोबर रोगकारक बुरशी, जिवाणू व विषाणूही नव्या प्रदेशात पोचतात. बीजाणू वाऱ्यानेही दूरवर जातात. पण समुद्रापलीकडे जिवंत पोचून लगेच मानवणारे पीक गाठणे त्यांना बहुधा माणसाच्या सामानातूनच साधते. खाण्याच्या मालापेक्षा लागवडीचा माल जास्त धोक्याचा असतो. फळ खाऊन संपते, तर कलम जमिनीत लावून जोपासले जाते. शिवाय मूळ प्रदेशातील झाडे आणि तेथील रोग दीर्घकाळ एकत्र वाढलेले असल्याने रोग अंगावर बाळगणारे झाडही निरोगी दिसू शकते.

द्राक्षवेलीचा इतिहास हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. उत्तर अमेरिकेतून आलेला भुरी रोग 1845 मध्ये इंग्लंडमधील मार्गेट येथे प्रथम नोंदला गेला आणि काही वर्षांतच फ्रान्सभर पसरला. त्यावर गंधकाचा उपाय सापडतो न सापडतो तोच 1860 च्या दशकात मुळांतील रस शोषणारी फायलोक्झेरा ही कीड आली, तीही अमेरिकन वेलींबरोबर. हा रोग नव्हे, कीटक. पण पुढचे सारे त्याच्यामुळेच घडले. शिडाच्या जहाजांच्या लांब प्रवासात हा नाजूक कीटक मरत असावा आणि आगबोटींमुळे तो जिवंत पोचू लागला, असे मानले जाते. युरोपीय वेलींना त्याच्यापुढे टिकाव धरता येईना, म्हणून कीड सोसणारे अमेरिकन खुंट मागवून त्यांवर युरोपीय वाणांची कलमे बांधण्याचा मार्ग निघाला. बागा वाचल्या, पण खुंटांच्या आयातीबरोबरच केवडा रोगही आला असावा. 1878 मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला. म्हणजे एका आयातीवरचा उतारा म्हणून केलेली दुसरी आयात तिसरे संकट घेऊन आली.

केवड्यावरचा उपाय मात्र फ्रान्समध्येच सापडला. मेदॉक भागातील शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भिववण्यासाठी मोरचूद व चुना शिंपडत. तेवढ्याच वेलींची पाने शाबूत राहिल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर मिलार्दे यांच्या नजरेस आले आणि 1885 मध्ये मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण जाहीर झाले. अमेरिकन खुंटांचा पुरस्कार करणाऱ्यांत हेच मिलार्दे होते. महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदार आजही भुरी व केवडा या दोन्ही अमेरिकन रोगांशी झुंजतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाळी हवा टिकली की केवडा, म्हणजे त्यांच्या बोलण्यातला ‘डाऊनी’, वाढतो आणि फवारण्यांचा खर्चही. त्यांच्या बागांतला डॉगरिज खुंट मूळचा टेक्सासचा. तो येथे रुजला तो मुख्यतः क्षारयुक्त जमीन व पाण्याची टंचाई सोसतो म्हणून.

इतर पिकांतही हेच घडले. बटाट्याचा करपा अमेरिका खंडातून युरोपात आला आणि 1845 नंतरच्या आयरिश दुष्काळात सुमारे 10 लाख माणसे दगावली. अर्थात त्यातला सगळा दोष रोगाच्या माथी मारता येत नाही. जमीनदारी आणि सरकारी धोरणाचा वाटाही मोठा होता. कॉफीचा तांबेरा 1869 मध्ये सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) दिसला. तेथील मळेवाले पुढे चहाकडे वळले. हा रोग 1970 मध्ये ब्राझीललाही पोचला.

फायलोक्झेराच्या धास्तीनेच 1878 मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे वनस्पतींच्या वाहतुकीवरचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. सध्याचा आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार 1951 चा. आयात मालासोबत निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मागितले जाते. पॅकिंगचे लाकूड उष्णतेने निर्जंतुक करायचे, तर त्याच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटे राखावे लागते. भारतात 1914 चा विनाशकारी कीटक व पीडक अधिनियम आणि त्याखालील 2003 चा वनस्पती क्वारंटाइन आदेश लागू आहे. तपासणीची मर्यादा उघड आहे : लक्षणे दिसत नसलेला रोग नुसत्या नजरेला सापडत नाही, आणि प्रत्येक कलमाची प्रयोगशाळेत चाचणी करणे परवडत नाही.

धान्यही अगदीच निर्धोक नसते. दक्षिण अमेरिकेतला गव्हाचा ब्लास्ट रोग 2016 मध्ये बांगलादेशात उद्भवला, तेव्हा संशय आयात गव्हावर गेला. त्यानंतर पश्चिम बंगालने सीमेलगतच्या नदिया व मुर्शिदाबाद जिल्ह्यांत गहू पेरण्यास बंदी घातली.