भेगेवरून धावणारा रस्ता

स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमहून सकाळी गाडी काढली आणि ए-८२ रस्ता धरला, की इन्व्हर्नेसपर्यंतचं शंभरेक किलोमीटरचं अंतर थांबत-थांबत एका दिवसात आरामात होतं. वाटेत लॉखी, ऑइख आणि नेस ही तीन सरोवरं लागतात, काठावर जुन्या किल्ल्यांचे अवशेष. निघण्यापूर्वी नकाशा मात्र जरूर पाहावा. तिन्ही सरोवरं नैऋत्येकडून ईशान्येकडे जाणाऱ्या एकाच सरळ रेषेत आहेत. डोंगराळ मुलखात पाणी सहसा असं पट्टी लावल्यासारखं साचत नाही. याचं कारण खालच्या खडकात आहे.

या रेषेला ग्रेट ग्लेन भ्रंश म्हणतात; भ्रंश म्हणजे भूकवचातली भेग. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी भूखंडांच्या टकरीतून स्कॉटलंडचे डोंगर घडत असताना भूकवच इथे चिरलं आणि चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत कित्येक किलोमीटर आडव्या सरकल्या. त्या घर्षणात मधला खडक भरडून निघाला. आज हा भ्रंश बराचसा शांत आहे, तरी १९०१मध्ये इन्व्हर्नेसला चांगलाच भूकंप जाणवला होता.

भरडलेला खडक हिमयुगातल्या हिमनद्यांनी सहज खरवडून नेला. लॉख नेस (लॉख म्हणजे सरोवर) सुमारे ३७ किलोमीटर लांब आणि जेमतेम दीड किलोमीटर रुंद आहे, पण खोली २३० मीटरच्या आसपास! पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा फक्त १६ मीटर वर, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटर खाली. नदीला हे जमलं नसतं, कारण समुद्राची पातळी गाठली की तिचं खोदकाम थांबतं. बर्फाचा प्रचंड जाड थर मात्र स्वतःच्या वजनाने खोल खड्डा कोरतो आणि पुढचा चढही चढून जातो. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या सरोवरांचं पाणी एकत्र केलं, तरी ते या एका सरोवराइतकं भरत नाही.

लॉख नेसच्या काठावरच्या अर्कर्ट किल्ल्यावर घाईने फोटो काढून निघू नये, निदान तासभर तरी द्यावा. लॉख नेसचे काठ बहुतेक सरळ आणि उभे. इथे मात्र जमिनीचं टोक पाण्यात घुसलं आहे, त्यामुळे सरोवर दोन्ही दिशांना दूरवर दिसतं. पाण्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायला याहून चांगली जागा नव्हती. १६९२मध्ये किल्ला सोडताना सरकारी शिबंदीने शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तो सुरुंगाने उडवला.

तटावरून पाणी काळसर दिसतं. भोवतालच्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, दलदलीतून वाहून आलेल्या सूक्ष्म कणांमुळे. पण मला सर्वांत विलक्षण वाटते ती डोळ्यांना न दिसणारी हालचाल. उन्हाळ्यात आणि शरदात वर कोमट पाण्याचा थर आणि खाली साधारण ५-६ अंशांचं थंड पाणी असतं. दरीतून नैऋत्येचा वारा सलग वाहू लागला, की तो वरचं पाणी इन्व्हर्नेसच्या बाजूला ढकलतो. तिकडे कोमट थर जाड होतो, इकडे थंड पाणी वर येतं. वारा पडला, की बाटलीतल्या तेल-पाण्याची सीमा डचमळावी तशी दोन थरांमधली सीमा मागे-पुढे हेलकावू लागते. दोन्ही थरांच्या घनतेत अगदी थोडा फरक असल्यामुळे हेलकावा अतिशय संथ असतो: एका फेरीला जवळजवळ अडीच-तीन दिवस! आत सीमा कित्येक मीटर वर-खाली होत असते, पृष्ठभागावर मात्र त्याचा मागमूसही नसतो.

सर जॉन मरे आणि लॉरेन्स पुलर यांच्या देखरेखीखाली स्कॉटलंडच्या ५६२ सरोवरांची खोली मोजली गेली. त्याच सर्वेक्षणाच्या काळात, वेगवेगळ्या खोलींवर तापमापक सोडून केलेल्या नोंदींवरून वॉटसन या अभ्यासकाने १९०४मध्ये पाण्याच्या आतला हा हेलकावा, म्हणजेच अंतर्गत लाट, ओळखली. पुढे समुद्रातल्या अंतर्गत लाटांचा अभ्यास करणाऱ्यांनीही आपली उपकरणं लॉख नेसमध्ये उतरवली, कारण लांब, अरुंद आणि सरळ काठांच्या या पाण्यात लाटेचा माग काढणं खुल्या समुद्रापेक्षा कितीतरी सोपं होतं.